तहातली सून

क्लेअरचं लग्न ठरलं तेव्हा वसईच्या तिच्या तिन्ही आत्या म्हणाल्या, पोरीने नशीब काढलं. क्लेअर मनात म्हणाली, नशीब कसलं, मला तहात घातलंय.

तिचा तरी काय दोष? मुंबईला इतिहासात एम.ए. करताना तिने प्रबंधाला विषयच असा घेतला होता की पुढे स्वतःच्या लग्नाची मजा कधी यायचीच नाही. मध्ययुगात एका राजघराण्यातून दुसऱ्या राजघराण्यात दिलेल्या मुली. दोन घराणी लढून दमली की तह व्हायचा. हा किल्ला तुमचा, ते बंदर आमचं, आणि शेवटच्या कलमात मुलगी. ती सासरी पोचली की तिच्याकडून दोनच गोष्टी हव्या असायच्या, वारस आणि बातमी. वारस सासरला, बातमी माहेराला. सासरचे तिच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे, आणि काही बिनसलं की सगळ्यात आधी तिने माहेरून आणलेल्या दासीला परत पाठवायचे. प्रबंध वाचून मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या, "क्लेअर, तू फार संशयाने बघतेस गं माणसांकडे." क्लेअरला ते कौतुकच वाटलं होतं.

आता तिचा तह बघा. तिचे वडील सॅव्हियो तुस्कानो अबुधाबीच्या खलिफा सिटीतले, सासरे अल्बर्ट डाबरे उत्तरेकडच्या रास अल खैमाचे. दोघं वसईच्या एकाच गावातून आलेले आणि दोघांचा धंदाही एकच, हॉटेलांना आणि टॉवरांना फरशा पुरवायच्या. एकमेकांची गिऱ्हाईकं पळवण्यात दोघांनी अशी हयात घालवली की दोघांच्या बायका, एका बाकावर बसून शाळा शिकलेल्या क्लेअरची आई कार्मेलिन आणि सासू विल्मा, चर्चबाहेर समोरासमोर आल्या तरी नुसत्या माना हलवायच्या. शेवटी नातेवाईक मध्ये पडले. उत्तरेकडची कामं डाबऱ्यांची, अबुधाबी आणि अल ऐन तुस्कानोंचं, दुबई ज्याला मिळेल त्याची. आणि क्लेअर रॉयडन डाबरेची.

पंचाईत अशी झाली की रॉयडन तिला आवडला. गाडी चालवताना बेसूर गाणारा, भांडण झालं की समुद्रकाठच्या कॉर्निशवरून कागदी कपात दाट, वेलचीचा करक चहा घेऊन येणारा आणि सॉरी न म्हणता तो कप पुढे धरणारा. आता तिला पाचवा महिना लागला होता आणि हे घर तिला हवं होतं. तहाचं कलम म्हणून नाही, हक्काचं म्हणून हवं होतं. नेमका तेव्हाच घरात संशय शिरला.

अल्बर्ट डाबऱ्यांची धंद्याची एक रीत होती. मोठं गिऱ्हाईक ऑफिसात पटवायचं नाही, घरी जेवायला बोलवायचं. विल्मा स्वतः रांधायची आणि प्रत्येक पाहुण्याची जीभ तिला पाठ होती. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये टॉवर बांधणारे शहाशेठ जैन, ते आले की कांदा-लसूण बंद. दुबईत हॉटेल असलेल्या सुमैय्याबाई आल्या की पोर्क फ्रीजरच्या तळाशी आणि वाईनच्या बाटल्या कपाटात. यम्ना नावाच्या ट्युनिशियाच्या डिझायनरबाईंचं तोंड कोळंबीने सुजायचं, म्हणून त्या येणार त्या दिवशी कोळंबी घरात शिजायची नाही. जेवणं झाली की अल्बर्ट हळूच विषय काढायचे आणि बहुतेक वेळा काम पदरात पडायचं.

या वर्षी मात्र माशी शिंकली. यम्नाबाई जेवून गेल्या आणि आठवडा उलटायच्या आत तुस्कानोंचा माणूस कमी रेट घेऊन त्यांच्या ऑफिसात हजर. मग सुमैय्याबाईंचं तेच झालं.

"दुबई ओपन आहे, मान्य," जेवणाच्या टेबलावर अल्बर्ट म्हणाले. "पण त्याला कळतं कसं? आपण कुणाला धरलंय हे आपल्या ऑफिसातसुद्धा कुणाला माहीत नसतं. सगळं काय ते या घरात बोललं जातं!"

हे म्हणताना त्यांनी क्लेअरकडे अजिबात पाहिलं नाही. तेच तिला खटकलं.

त्यानंतर ती खोलीत आली की बोलणी थांबू लागली. रॉयडनचा लॅपटॉप मिटू लागला. विल्मा पूर्वी "क्लेअर, जरा मीठ बघ" म्हणायची, ती आता स्वतःच चाखून बघू लागली. कुणी वाईट बोलत नव्हतं, सगळे अगदी गोड होते, आणि ताकाला तूर लागू देत नव्हते. क्लेअरही काही कमी नव्हती. ती दारामागे थबकून ऐकायची, रॉयडन आंघोळीला गेला की त्याच्या फोनकडे बघत बसायची, आणि सासूने दुधाचा ग्लास दिला तर आधी वास घ्यायची. शिकलेली मुलगी, पण संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

मग एका सकाळी विल्माने हव्वाबीला बोलावलं. हव्वाबी ही क्लेअरच्या माहेरची स्वयंपाकीण, लग्नात तिच्यासोबत आलेली.

"हव्वाबी, तुम अभी घर जाओ, आराम करो. बहोत साल काम किया," विल्मा म्हणाली. "तिकीट हम देंगे, पूरा हिसाब देंगे. खलास, अब पोतों के साथ बैठो."

हव्वाबी क्लेअरकडे बघत राहिली. "बेटा, मैंने कुछ गलती किया क्या?"

प्रबंधाचं तिसरं प्रकरण क्लेअरच्या डोळ्यांसमोर घडत होतं. आधी दासी, मग राणी. तिने हव्वाबीला मिठी मारली आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्याही मनात आलंच, ही तर नसेल? लहानपणी जिने घास भरवले तिच्यावर संशय घेतला म्हणून नंतर तिला स्वतःची फार लाज वाटली.

हव्वाबी हैदराबादला गेली. दोन आठवड्यांनी शहाशेठ जेवून गेले आणि त्यांच्या नव्या टॉवरच्या लॉबीचं काम तुस्कानोंनी नेलं.

आता घरात संशय घ्यायला एकच माणूस उरलं होतं.

"क्लेअर," विल्मा तिच्या शेजारी येऊन बसली, "बाळंतपणाला आईकडे सातव्यात जायची आपली पद्धत आहे, पण तोवर थांबायचं कशाला? आत्ताच जा. तिथे मोठी हॉस्पिटलं जवळ. आरामही होईल."

"आणि परत कधी यायचं, मम्मी?"

"बघू ना. बाळ होऊ दे, मग बघू."

रात्री तिने रॉयडनला विचारलं, "तुलाही वाटतं मी सांगते म्हणून?"

रॉयडन बराच वेळ एसीच्या रिमोटशी खेळत राहिला. "मला काही वाटत नाही. पण पप्पांना मी काय आन्सर देऊ, सांग ना. यू टेल मी."

"मी डॅडींशी धंद्याचा एक शब्द बोलत नाही. रॉयडन, मी त्यांच्याशी बोलतच नाही! मी फक्त आईशी बोलते."

"मग आईला काय सांगतेस?"

"आई काय विचारणार? जेवलीस का, काय केलं होतं, पाय सुजलेत का. बस."

तो कूस बदलून झोपला. क्लेअर जागी राहिली. भीती अशी दाटून आली की तिने पोटावर हात धरला. एकदा बॅग भरून या घराबाहेर पडलो की इन्शाल्ला म्हणत म्हणत हे लोक कधीच बोलावणार नाहीत, वारसाला तेवढं घेऊन येतील, अशी तिची खात्री पटत चालली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे आईचा फोन आला. क्लेअर दिवाणखान्याच्या खिडकीशी उभी राहून बोलू लागली.

"जेवलीस का दुपारी?" कार्मेलिनने विचारलं. "काय केलं होतं?"

"मासे होते."

"मासे होते," आई म्हणाली. "कसले?"

"सुरमई. आणि सोलकढी."

"सुरमई, सोलकढी. बरं बरं."

आई हल्ली प्रत्येक पदार्थ असा पुन्हा उच्चारायची. कानाने कमी ऐकू येत असेल, असं क्लेअरला वाटायचं. पण ज्याला कमी ऐकू येतं तो "काय? काय?" विचारतो, एकदा नीट ऐकलेलं मोठ्याने परत सांगत नाही. परत सांगतो तो तिसऱ्या माणसासाठी. या धंद्यातल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी कोण काय खातो आणि काय खात नाही हे तिच्या वडिलांना काय ठाऊक नव्हतं? कांदा-लसूण नाही म्हटलं की शहाशेठ. वाईन कपाटात गेली म्हटलं की सुमैय्याबाई. एरवी कोळंबीशिवाय पाहुणचार न करणाऱ्या विल्माने चिकन केलं म्हटलं की यम्ना. तिने कुणाचं नाव कधीच घेतलं नव्हतं. नुसता स्वयंपाक सांगितला होता, रोज, प्रेमाने, तिखटमिठासकट.

पण हा संशयच होता आणि संशयाने एकदा हव्वाबीला खाल्लं होतं. या वेळी तिला खात्री हवी होती.

दोन दिवसांनी विल्माने पोर्क विंदालू आणि तळलेले गोल फुगे केले. पाहुणे नव्हते, चौघं घरचेच जेवले, लसणाचा वास पडद्यांपर्यंत पोचला होता. संध्याकाळी आईने विचारलं तेव्हा क्लेअर म्हणाली, "आज ना आई, सगळं साधंच. बटाट्याची भाजी, पुऱ्या, श्रीखंड. कांदा-लसूण नाही घातलं कशात."

"कांदा-लसूण नाही," आई म्हणाली.

क्लेअरने फोन ठेवला. ती देवाकडे मागत होती की काही घडू नये.

घडलंच. त्याच आठवड्यात रॉयडन ऑफिसातून चक्रावून आला आणि टेबलावर बसता बसता म्हणाला, "पप्पा, ऐका तर खरं. शहाशेठचा कॉल आला. म्हणतात, तुमच्या व्याह्यांचा माणूस येऊन गेला, डाबऱ्यांनी जो काही रेट दिला असेल त्यापेक्षा कमी देतो म्हणाला. शेठ म्हणतात, हबीबी, डाबऱ्यांनी तर मला लॉबीनंतर काही विचारलंच नाही!"

"आपण कुठे रेट दिला?" अल्बर्ट म्हणाले.

"तेच तर! आपण शेठना त्यानंतर भेटलोच नाही. न घडलेली बातमी फुटली आपल्या घरातून."

विल्मा खाली मान घालून भात वाढत होती. क्लेअर ताटातला भात नुसता चिवडत राहिली. लॉबीनंतर शहाशेठ जेवले होते ते फक्त एका ठिकाणी, तिच्या फोनवर.

सकाळी तिने स्वतःच बॅग भरली. "मम्मी, मी आईकडे जाऊन येते," ती म्हणाली. 'जाऊन येते' यावर तिने जोर दिला. विल्माने नुसतं "जा" म्हटलं. रॉयडनने गाडी काढली, वाटेत एकदाही गायला नाही, आणि खलिफा सिटीतल्या व्हिलापाशी बॅग उतरवून ऑफिसचं कारण सांगून निघून गेला.

क्लेअरचा बेत ठरलेला होता. आईला बोलतं करायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ते रॉयडनला ऐकवायचं. या देशात असं चोरून रेकॉर्डिंग केलं तर पोलीस दारात येतात हे तिला ठाऊक होतं, पण राणीला गडाबाहेर काढायला निघाले असता ती कायद्याची कलमं बघत बसत नाही. तिने पर्समध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. आई पापलेटं साफ करत होती. बाहेरच्या खोलीत सॅव्हियो कुणाशी तरी फोनवर गडगडाटी हसत होते.

"आई, मी काय जेवले ते तू डॅडींना सांगतेस?"

कार्मेलिनची सुरी थांबली. ती खोटं बोलेल असं क्लेअरला वाटलं होतं. ती बोलली नाही.

"सांगते," ती म्हणाली.

"ते त्यातून काय काढतात ते तुला कळत होतं?"

"पहिल्यांदा नाही कळलं. नंतर कळलं."

"आणि तरी सांगत राहिलीस? आई, ते मला घराबाहेर काढतायत! हव्वाबी गेली, आता मी. तुझ्या पोरीचा संसार मोडतोय, आणि तू..."

"ओरडू नको, पोटात बाळ आहे." कार्मेलिनने हात धुतले आणि ते पदराला पुसत राहिली, कोरडे झाले तरी. "तुला माहीत आहे ना तुझे डॅडी कसे आहेत? वाईट नाहीत. मारलं नाही, काही कमी केलं नाही. पण या घरात मला कधी कोणी काही विचारलं नाही गं. मी बोलायला लागले की त्यांना फोन यायचा. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा तर मी दिवसदिवस भिंतीशी बोलायचे. मग एकदा सहज म्हटलं, विल्माकडे आज कोळंबी नव्हती म्हणे. तर यांनी टीव्ही बंद केला. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, कार्मेलिन, अजून काय म्हणाली पोर?" तिने पदर हातातून सोडला. "एवढ्या वर्षांत माझ्यासाठी टीव्ही बंद झाला नव्हता."

क्लेअरला राग हवा होता, तो सापडेना. तहातल्या सगळ्या मुली तिने अभ्यासल्या होत्या, पण त्या मुलींच्या आया मागे राहून काय करत असतील हे तिने प्रबंधात एका ओळीतसुद्धा विचारलं नव्हतं. तिने पर्समधून फोन काढला आणि आईच्या देखत रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

"हे काय?" कार्मेलिनने विचारलं.

"काही नाही. मी तिकडे कुणाला काही सांगणार नाही, आई. राहीन इथेच."

"आणि ते तुला परत बोलावतील?"

"नाही बोलावणार."

"रॉयडन?"

क्लेअरने नकारार्थी मान हलवली आणि मग तिला रडू फुटलं, लहान मुलीसारखं, नाक ओढत.

कार्मेलिनने तिच्याकडे पाहिलं. मग ओट्यावरचा स्वतःचा फोन उचलला, नंबर शोधला आणि स्पीकरवर टाकला.

"विल्मा, मी कार्मेलिन बोलतेय. तुमच्या घरची बातमी माझ्या तोंडून फुटली. पोर मला नुसता स्वयंपाक सांगायची आणि मी तो घरात सांगायचे. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्यावर आळ घेऊ नका."

सॅव्हियो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. "कार्मेलिन, फोन ठेव," ते म्हणाले. "यल्ला, ठेव म्हणतो ना!" तिने ठेवला नाही आणि त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

पलीकडून भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"मला ठाऊक होतं," विल्मा म्हणाली. "विंदालू खाऊन पोरगी तुला फोनवर कांदा-लसूण नाही म्हणून सांगत होती तेव्हा मी दारातच होते. आणि मग शेठकडे तुमचा माणूस गेला. मला काय कळत नाही? पण मी बोलले नाही. म्हटलं, बघू ही काय करते. येऊन आईचं नाव सांगून सुटली असती, तर मी तिला उंबऱ्यात उभी केली नसती, कार्मेलिन. जी आईला विकते ती सासूला विकायला किती दिवस लावणार?"

क्लेअरने हातातल्या फोनकडे पाहिलं. पुसून टाकलेलं रेकॉर्डिंग त्यात आता नव्हतं, पण मघापर्यंत होतं.

"मग तिला बोलावतेस परत?" कार्मेलिनने विचारलं.

"उद्याच रॉयडनला पाठवते. आणि बाळंतपण इथेच होईल, माझ्या घरी. पण पहिलं बाळंतपण आईच्या हाताखाली व्हायला हवं ना? तर तूही ये. बाळ होईपर्यंत इथेच राहा, माझ्याजवळ. तू इथे असलीस की तिकडे फोन करायला नको कुणाला."

फोन बंद झाला. सॅव्हियो काहीतरी मोठ्याने बोलत बाहेरच्या खोलीत गेले. कार्मेलिनने झोपायच्या खोलीत जाऊन कपाटावरची बॅग काढली, झटकली आणि पलंगावर उघडून ठेवली. क्लेअर तिच्यामागे धावली.

"आई, जरा विचार कर. त्या मैत्रीण म्हणून बोलावतायत असं वाटतं तुला? डॅडींनी पुन्हा काही करू नये म्हणून तुला तिथे ओलीस ठेवणार आहेत त्या!"

कार्मेलिन साड्यांच्या घड्या घालत होती. चांगल्या साड्या वर आणि रोजच्या खाली, सणाला निघाल्यासारखी.

"ठेवू दे ना," ती म्हणाली. "ओलीस ठेवलेल्या माणसाला निदान जपतात तरी."